दहा कुर्ल्या मारून आण

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या कुणालाही त्याची पहिली क्वेस्ट विचारा, उत्तर साधारण एकच येतं. वेशीवर एक माणूस उभा असतो, डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असतं आणि तो सांगतो, अमुक दहा जनावरं मारून ये. कुठे उंदीर, कुठे लांडगे, कुठे रानडुकरं. या क्वेस्टची सगळेच टर उडवतात आणि तरी ती प्रत्येक गेममध्ये असते, कारण थोडक्यात फार काम होतं. नवख्याला हत्यार हातात बसतं, नकाशाचा एक कोपरा ओळखीचा होतो आणि सर्व्हरला एका खेळाडूमागे एकच आकडा सांभाळावा लागतो, शून्य ते दहा.

ही क्वेस्ट मुळात वाईट नाही. ती वाईट होते, कारण बहुतेक ठिकाणी लढाईचे आकडे ठरवणारा एका खोलीत बसलेला असतो आणि क्वेस्ट लिहिणारा दुसऱ्या. घाव किती सेकंदांनी पडतो, जनावर मेल्यावर परत कधी उगवतं, बांधावर एका वेळी किती माणसं मावतात, ही सगळी एकाच घड्याळाची कामं आहेत. ती एकत्र बसून ठरवली तर दहा जनावरांच्या क्वेस्टमध्येही जीव येतो. ते कसं, हे गोव्याच्याच मातीत बसवून बघू.

मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेती घ्या. दिवाडी-चोडणकडे फेरीबोटीतून जाताना ती नुसती हिरवी पट्टी दिसते, पण ती सगळी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. मातीच्या बांधाने खारं पाणी बाहेर अडवलेलं असतं आणि बांधात मानस असते. मानशीच्या लाकडी दारांची रचना अशी की भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर निघून जातं. पोर्तुगीज यायच्याही आधीपासून गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, हे बांध राखले. या बांधाचा कायमचा शत्रू म्हणजे कुर्ल्या, अर्थात खेकडे. त्या बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, झिरप रुंदावते आणि एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो. शेतात एकदा खारं पाणी शिरलं की पीक गेलं.

गेम डिझायनरला याहून जास्त काय हवं? शत्रू आहे, तो का मारायचा याचं कारण आहे, आणि सगळ्यांना एकाच वेळी बांधणारं घड्याळही आहे.

आधी एक कुर्ली आणि एक खेळाडू यांची झुंज अगदी जवळून पाहू. नवख्याच्या हातात कोयता आहे. आपला सर्व्हर ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो असं धरू, म्हणजे दर ०.६ सेकंदाच्या ठोक्यालाच तो सगळा हिशेब करतो. ओल्ड स्कूल रुनस्केप आजही याच टिकवर चालतो. कोयता तीन टिकांनी पडतो, म्हणजे १.८ सेकंदांनी. घाव सरासरी ७ चा, लागण्याची शक्यता ८५ टक्के, म्हणजे हातात येतात ५.९५. कुर्लीला ४२ हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे आकडे, दिले तर साधारण सात-आठ घावांत ती मरते. पावणेतेरा सेकंद धरा. पुढच्या कुर्लीपर्यंत चालायला दहा सेकंद. दहा कुर्ल्यांना पावणेचार मिनिटं, जाण्यायेण्याची तीन, एकूण सातच्या आत. पहिल्या क्वेस्टला एवढा वेळ पुरे. हा हिशेब कागदावर न मांडता हिट पॉइंट ‘अंदाजे शंभर’ ठेवले की तीच क्वेस्ट दहाएक मिनिटांवर जाते, आणि सहाव्या कुर्लीला खेळाडू फोन काढून बसतो.

पण सात-आठ घाव नुसतं बटण दाबून मारायचे असतील तर पावणेतेरा सेकंदही जड होतात. मध्ये एक निर्णय लागतो. म्हणून कुर्ली दर तिसऱ्या हल्ल्याला मोठी नांगी वर उचलते, क्षणभर थांबते आणि मग समोरच्या दोन मीटरांत आपटते. बाजूला झालात तर काही नाही, उभे राहिलात तर चाळीसपैकी बारा हिट पॉइंट गेले. प्रश्न एवढाच की नांगी वर किती वेळ ठेवायची.

इथेच बहुतेक नवे डिझायनर फसतात, कारण ते सर्व्हरच्या शेजारी बसून खेळतात. फोंड्यात किंवा पेडण्यात बसलेल्या खेळाडूचा हिशेब वेगळा आहे. सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. फायबरमध्ये प्रकाशाला हजार किलोमीटरांना साधारण ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३६. पण केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, ६० ते १०० च्या घरात मिळतो. ८० धरा. नांगी वर गेल्याचं डोळ्यांना दिसून ‘आता डावीकडे’ हे ठरायला ४०० मिलिसेकंद. नुसता दिवा लागला की बटण दाबा, एवढंच असतं तर २५० पुरले असते, इथे आधी ओळखायचं आणि मग निवडायचं आहे. दोन मीटर सरकायला ताशी अठरा किलोमीटरच्या धावेने आणखी ४००. आणि खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत पोचली तरी पुढची टिक येईपर्यंत ती रांगेत थांबते, सरासरी ३००, वाईटात वाईट ६००. बेरीज १,४८० मिलिसेकंद. म्हणजे नांगी दोन टिका, १.२ सेकंद, वर ठेवली तर डिझायनर स्वतः बहुतेक वेळा वाचेल आणि फोंड्यातला खेळाडू जेमतेम निम्म्या वेळा. तीन टिका ठेवल्या, १.८ सेकंद, की झुंज दोघांनाही सारखीच लागू होते. मोबाइल डेटावर पिंग ऐंशीवरून तीनशेवर उडी मारतो, तेव्हा ही सव्वातीनशे मिलिसेकंदांची शिल्लकच कामाला येते.

नवे बॉस बनवताना ‘कठीण’ म्हणून हा वेळ कापायचा मोह होतो. कापू नये. कठीणपणा वाढवायचा तर खेळाडूला एकाच वेळी दोन गोष्टी बघायला लावाव्या, नांगीही आणि मागून चढणारं पाणीही. त्यात खेळाडूचं कसब वाढतं. वेळ कापला की फक्त ज्याचं इंटरनेट चांगलं तो जिंकतो.

फायनल फँटसी १४ मध्ये आणखी एक खुबी आहे. तिथे बॉसची कास्टची, म्हणजे हल्ल्याची तयारी दाखवणारी, पट्टी भरली की त्याच क्षणी सर्व्हर ठरवतो कोण आत होतं आणि कोण बाहेर. स्फोट डोळ्यांना दिसतो तो नंतर. नवखा माणूस स्फोट पाहून म्हणतो, मी तर कधीच बाहेर पडलो होतो. जुना माणूस पट्टी संपताच, स्फोट दिसायच्या आधीच, परत आत येऊन मारायला लागतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एकदा निवडलेली पूर्ण गेममध्ये एकच हवी. कुर्लीला एक नियम आणि मगरीला दुसरा, असं झालं की खेळाडूचा डोळ्यांवरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणं फार अवघड.

त्याच गेमचा ग्लोबल कूलडाउन, म्हणजे एका मुख्य घावानंतर पुढच्यापर्यंतचा सक्तीचा थांबा, २.५ सेकंद आहे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा १.५. अडीच सेकंदांत मध्ये दोन छोट्या क्षमता बसवायच्या असतात. कमी पिंगवर त्या बसतात, लांबच्या सर्व्हरवर दुसरी बसवली की पुढचा मुख्य घाव उशिरा पडतो, आणि पूर्ण रेडभर, म्हणजे मोठ्या गटाच्या लांब लढाईभर, ते नुकसान साचत जातं. यावर वॉरक्राफ्टचा उपाय चांगला आहे: कूलडाउन संपायच्या आधी ४०० मिलिसेकंदांच्या आत बटण दाबलं तर सर्व्हर ते रांगेत ठेवतो आणि वेळ झाली की चालवतो. आपल्या कोयत्यालाही हीच रांग द्यावी. तिच्यावाचून लांबचा खेळाडू प्रत्येक घावाला आपला पिंग भरत बसतो.

टिकवर चालणाऱ्या गेममध्ये एक खड्डा हमखास असतो. कुणीतरी ‘घावांमधला वेळ १० टक्के घटवणारी अंगठी’ बनवतं. १.८ चे झाले १.६२. पण घाव टिकेवरच पडणार, म्हणजे परत १.८. अंगठी घेणाऱ्याला काहीच मिळत नाही. २०, ३० टक्के केली तरी तेच. तेहतीस टक्के पार केले की घाव एकदम १.२ वर येतो आणि माणसाची ताकद दीडपट होते. मधलं काही नाहीच. त्यामुळे टिकवाल्या गेममध्ये वेग ही गोष्ट टक्केवारीत विकू नये. ‘एक टिक कमी’ असं सरळ लिहावं आणि अशी वस्तू फार दुर्मिळ ठेवावी.

कवचाचं गणितही असंच फसवं आहे. साधा मार्ग वजाबाकीचा: घाव १२ चा, कवच १०, लागले २. आता कवच ११ केलं तर लागतो १, म्हणजे एका आकड्याने इजा निम्मी झाली. १२ केलं तर कुर्ली अमर. वरच्या पातळीवर हे हाताबाहेर जातं. म्हणून भागाकाराचं सूत्र वापरतात. मूळ वॉरक्राफ्टमध्ये कवचाला, कवच अधिक ४०० अधिक पातळीच्या ८५ पट, एवढ्याने भागायचे. साठाव्या पातळीच्या शत्रूसमोर स्थिर आकडा ५,५०० येतो, म्हणजे ५,५०० कवच असेल तर निम्मी इजा टळते. यातली खरी गंमत अशी की कवचाचा प्रत्येक आकडा खेळाडूच्या टिकाऊपणात सारखीच भर घालतो. टक्केवारी मंदावत जाताना दिसते म्हणून खेळाडू तक्रार करतात, पण तो जिवंत किती वेळ राहतो हे मोजलं तर रेषा सरळ निघते. ७५ टक्क्यांवर झाकण घालायला मात्र विसरू नये.

आता तीन-चार जण मिळून खेळत असतील तर कुर्ली कुणावर धावून जाणार? याला खेळाडू अ‍ॅग्रो म्हणतात. प्रत्येकाच्या नावावर खुन्नस साठत जाते आणि ज्याची बेरीज जास्त त्याच्यावर जनावर वळतं. पण बेरीज थोडी पुढेमागे झाली की जनावर सारखं तोंड फिरवत राहील, म्हणून वॉरक्राफ्टने उंबरठा ठेवला: जवळून लढणाऱ्याने टँकच्या, म्हणजे मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूच्या, ११० टक्के पार करावे लागतात आणि लांबून मारणाऱ्याने १३० टक्के. बरं करणाऱ्या हीलरलाही खुन्नस चढते, बऱ्या केलेल्या आकड्याच्या निम्मी, आणि ती लढाईत असलेल्या शत्रूंत वाटली जाते. यामुळेच नवं जनावर अचानक सामील झालं की ते थेट हीलरवर जातं, कारण त्याच्या यादीत दुसरं नावच नसतं. हे कळलेला टँक भिंतीकडे तोंड करून उभा राहत नाही, हीलरच्या बाजूला उभा राहतो. बांधासारख्या अरुंद जागेत, जिथे दोन्ही बाजूंनी कुर्ल्या चढतात, हा एक नियमच पुरेसा खेळ उभा करतो. वेगळी जादू लागत नाही.

झुंज झाली. आता क्वेस्टकडे वळू, कारण पाणी खरं इथेच मुरतं.

बांधावर बारा कुर्ल्या ठेवल्या आणि मेलेली कुर्ली दोन मिनिटांनी परत उगवते असं ठरवलं, तर बांध मिनिटाला सहा कुर्ल्या पुरवतो. एक खेळाडू चालण्यासकट मिनिटाला अडीच-पावणेतीन मारतो. दोन खेळाडू मजेत, तिसरा आला की सगळेच खोळंबतात. आणि गेम सुरू झाला त्या संध्याकाळी साठ जण येतात. मग बिळाबाहेर रांग लागते, भांडणं होतात, आणि ‘माझी कुर्ली चोरली’ ही बोंब सुरू होते. पूर्वी पहिला घाव ज्याचा त्याचीच शिकार असा नियम असे. त्यात लांबून बाण मारणाऱ्याचं फावतं. गिल्ड वॉर्स २ ने २०१२ साली हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला: ज्याने हातभार लावला त्या प्रत्येकाला पूर्ण श्रेय आणि प्रत्येकाची लूट वेगळी. दुसरा माणूस दिसला की आनंद व्हावा, ही त्या नियमाची खरी कमाई आहे. आजच्या काळात याहून कमी काही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

माणसं वाढली की उगवण्याचा वेग वाढवायचा, हा सोपा उपाय सगळे करतात. तो करताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. जखमी खेळाडू खाऊनपिऊन सावरत असताना कुर्ली त्याच्या पायाशी उगवता कामा नये. किमान पंधरा मीटर अंतर ठेवा. आणि वेगाला तळ हवा, नाहीतर साठ जणांत कुर्ली जमिनीतून येते न येते तोच मरते आणि बांधाऐवजी कारखाना दिसतो.

पण खाजनात याहून चांगली वाट आहे. कुर्ली येते कुठून? बिळातून. मग बीळच बुजवू द्या. क्वेस्टचा आकडा दहा कुर्ल्यांवरून काढून सहा बिळांवर ठेवला की सगळंच बदलतं. कुर्ली मारली की बीळ थोडा वेळ मोकळं पडतं. चिखल आणि पेंढा घेऊन तीन सेकंद काम केलं की ते बुजतं आणि तिथून कुर्ली येणं थांबतं. खेळाडूच्या कष्टाने जग खरोखर बदललेलं दिसतं. दोघे असतील तर एक बुजवतो, दुसरा राखण करतो, कुणी शिकवायला लागत नाही.

इथेही घोडं एका ठिकाणी अडतं. मार लागला की काम पूर्ण रद्द, असा नेहमीचा नियम ठेवला तर एकट्या खेळाडूला बीळ कधीच बुजवता येणार नाही, कारण शेजारच्या बिळातल्या कुर्लीचा घाव २.४ सेकंदांनी पडतो आणि काम ३ सेकंदांचं आहे. लढाईवाल्याने २.४ ठरवले, क्वेस्टवाल्याने ३, दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर आणि क्वेस्ट अशक्य. उपाय सोपा: मार लागला की काम एका टिकने मागे सरकावं, पण झालेलं काम राहावं.

आता भरती. खरी भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. गेममध्ये बारा तासांचं चक्र परवडत नाही, ते आवळावं लागतं. इथे साठ किंवा नव्वद मिनिटांचा मोह होतो आणि तो चुकीचा आहे. चोवीस तासांत ती चक्रं पूर्ण बसतात, त्यामुळे रोज रात्री जेवून नऊ वाजता बसणाऱ्याला कायम तीच भरती दिसणार, ओहोटी त्याच्या नशिबीच नाही. ७५ मिनिटांचं चक्र घ्या. १,४४० मिनिटांत ती एकोणीस बसतात आणि पंधरा मिनिटं उरतात. म्हणजे रोज नऊ वाजता पाणी आदल्या दिवसापेक्षा पंधरा मिनिटांच्या फरकाने वेगळं, आणि पाच दिवसांनी फेरा पूर्ण. नोकरी करणाऱ्या माणसालाही आठवड्याभरात खाजनाची सगळी रूपं दिसतात.

पाणी चढायला पस्तीस मिनिटं. वीस बिळं, प्रत्येक उघडं बीळ मिनिटाला एक माप पाणी आत घेतं, आणि आतली पातळी २८० मापांवर गेली की शेत खारं होतं. आठ बिळं भरतीभर उघडी राहिली की बरोबर तेवढं होतं. म्हणजे बारा बिळं सुरुवातीलाच बुजवली पाहिजेत, आणि उशिरा आलेल्यांनी उरलेली बुजवली तर पातळी खाली राहते. आकडे असे ठेवायचे की पाच-सहा जणांना जमावं. माणसं जास्त झाली की बिळं वाढवा, कुर्लीचे हिट पॉइंट फुगवू नका. एक कुर्ली पन्नास जण मिळून दोन मिनिटं ठोकताहेत हे दृश्य केविलवाणं असतं. आणि माणसं मोजताना गेल्या एका मिनिटात ज्याने काही केलं तोच धरा, नाहीतर बांधावर उभं राहून गप्पा मारणाऱ्यांचा भार काम करणाऱ्यांवर पडतो. पेंढा वाहून आणणं, जखमींना बरं करणं, मानशीच्या दारात अडकलेलं लाकूड काढणं, यांनाही श्रेय हवं. मात्र पहिला-दुसरा असे नंबर लावू नयेत. ठरावीक काम केलं की पूर्ण बक्षीस, बस. नंबर लावले की लोक पेंढाही एकमेकांकडून पळवतात.

शेत खारं झालं तर? इथे डिझायनर दोन टोकांना जातात. एक तर काहीच होत नाही, दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. नाहीतर कायमचं नुकसान. १९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये हरणं, लांडगे, गवत यांची पूर्ण परिसंस्था उभी करायचा बेत होता. खेळाडूंनी जनावरं इतक्या झपाट्याने मारली की ती कधी दिसलीच नाही, आणि शेवटी ती काढून टाकावी लागली. खेळाडूंची भूक कोणत्याही जगापेक्षा मोठी असते, हे गृहीत धरूनच नियम करावे. शेत दोन भरतींपुरतं खारं ठेवावं. तेवढ्या वेळात बाजारात तांदूळ महाग व्हावा आणि नवीन कामं उघडावीत: ओहोटीला मानस उघडून पाणी काढणं, पावसाचं गोडं पाणी साठवून मीठ धुणं, फुटलेला बांध बांधणं. हरलेल्यालाही करायला काहीतरी मिळतं. आणि पहाटे खेळणाऱ्याच्या वाट्याला दर वेळी रात्रीच्या लोकांनी बुडवलेलं शेत येत नाही, कारण अडीच तासांत ते सावरलेलं असतं.

लुटीबद्दल थोडंच. ‘आठ नांग्या आण’ आणि नांगी मिळण्याची शक्यता ३५ टक्के, हा सगळ्यात चिडवणारा प्रकार. कुर्लीला नांग्या असतात हे गोव्यात लहान मुलालाही माहीत आहे. मेलेल्या कुर्लीकडे नांगी नाही म्हणजे काय? सरासरी २३ कुर्ल्या लागतात, पण विसातल्या एखाद्याला पस्तीस किंवा जास्त. तोच माणूस गेम सोडतो. क्वेस्टच्या वस्तूंना शंभर टक्केच ठेवावेत आणि लांबी वाढवायची तर संख्या वाढवावी. दुर्मिळ वस्तूची गोष्ट वेगळी. १ टक्का शक्यतेची वस्तू शंभर कुर्ल्या मारूनही १०० पैकी ३७ जणांना मिळत नाही, तीनशे मारूनही पाच जण कोरडेच. ‘शंभरात एक’ वाचून शंभरानंतर मिळेल असं लोकांना वाटतं. म्हणून दर अपयशी कुर्लीमागे शक्यता हळूहळू चढवत न्यावी, म्हणजे कुणी सर्वस्वी कोरडा राहत नाही.

मजकूर लिहिणाऱ्यांनी मात्र इथे थांबून नीट वाचावं. २००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वॉरक्राफ्टचे जेफ्री कॅपलान यांनी सांगितलं होतं की त्यांच्या क्वेस्टच्या मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा होती, आणि ती चांगलीच होती. मलाही तेच वाटतं. पण कुणी ही मर्यादा बाइटमध्ये घातली तर देवनागरीत घात होतो, कारण यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘क्षे’ हे एक अक्षर दिसतं, पण त्यात क, हलन्त, ष आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. ५११ बाइटमध्ये जेमतेम १७० चिन्हं बसतात. दोन वाक्यांत खेळ खलास, आणि वर मजकूर मधेच कापला गेला तर शेवटचं अक्षर फुटतं. मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत मोजावी. इंजिन देवनागरी नीट जुळवतं की नाही हे पहिल्याच दिवशी तपासावं. जुळवत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘क्वेस्ट’ मधला क पाय मोडून वेगळा उभा राहतो. गोदो ४ या गेम इंजिनमध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आहे, तिथे हे दुखणं नाही. ओळींमधलं अंतरही वाढवून घ्यावं, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

मानशीवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडी काय घालायचं? ‘हे शूर वीरा’ नको. तो म्हणेल, “बाब, भरती लागायच्या आत बांधावरून फेरी मारून ये. जिथे बुडबुडे दिसतील तिथे कुर्लीचं बीळ. पेंढा खोपीत ठेवलाय.” एवढ्यात काय करायचं, कधीपर्यंत, खूण कोणती आणि साहित्य कुठे, सगळं आलं. बुडबुडे ही खूण पडद्यावर खरंच दिसली पाहिजे. ती दिसली तर नकाशावर बाण लागत नाही, आणि खेळाडू नकाशाऐवजी पाण्याकडे बघतो.

चाचणी घरच्या वायफायवर करून समाधान मानू नये. नेटवर्क मुद्दाम बिघडवणारी साधनं, लिनक्सवर टीसी नेटेम आणि विंडोजवर क्लम्झी, फुकट आहेत. १५० मिलिसेकंद उशीर आणि दोन टक्के पॅकेट गळती लावून स्वतः बांधावर उतरा. मग दर शंभर झुंजींत मरण किती, नांगीच्या घावाने किती, बीळ बुजवताना किती, आणि क्वेस्ट कोणत्या पायरीवर सोडली जाते हे वेगवेगळं लिहून काढा. सरासरीवर जाऊ नका, मधला आणि शेवटच्या दहा टक्क्यांचा वेळ बघा. नांगीच्या घावाने मरणाऱ्यांत लांबच्या सर्व्हरवरचे जास्त निघाले तर दोष तुमच्या १.८ सेकंदांत आहे, त्यांच्यात नाही.

आणि गोव्यात जूनमध्ये वीज जाते. हे गृहीत धरूनच क्वेस्ट बांधावी लागते. प्रत्येक बुजवलेलं बीळ त्याच क्षणी सर्व्हरवर नोंदलं जावं, क्वेस्ट पूर्ण झाल्यावर एकदम नव्हे. संपर्क तुटला तर पात्र एक मिनिट बांधावर उभं राहावं, नाहीतर लोक हरताना मुद्दाम वायर काढतात. पण त्या मिनिटात ते मेलं तर दंड नको आणि हत्याराची झीजही नको. पार्टीतली त्याची जागा दहा मिनिटं राखून ठेवा. भरती संपेपर्यंत तो परतलाच नाही, तरी त्याच्या वाट्याचं काम झालेलं असेल तर बक्षीस टपालपेटीत जाऊन पडावं, सोबत शेत वाचलं की बुडालं एवढी एक ओळ.